मशीन येईपर्यंत थांबायचे का?



दोन महिन्यांपूर्वी आमच्या शाळेत पालकसभा झाली. सभा संपून पालक पांगले, तरी एक आई वर्गाच्या दाराशी थांबून राहिली. मुलीच्या गुणांबद्दल काही विचारायचे असेल असे आम्हांला वाटले. तिने मोबाईल पुढे केला. त्यावर कोणीतरी पाठवलेली एक चित्रफीत होती. आवाजाच्या लहरींनी कॅन्सरची गाठ विरघळून जाते. चाकू नाही, टाके नाहीत, रक्ताचा थेंब नाही, असे त्यात सांगितले होते.

“टीचर, हे खरं आहे का?”

“खरं आहे,” आम्ही म्हटले.

तिचा चेहरा उजळला. “मग मी ऑपरेशनला नाही सांगते. हे मशीन आपल्याकडे आलं की तेच करून घेईन.”

मग हळूहळू सगळे बाहेर आले. चार महिन्यांपूर्वी आंघोळ करताना तिच्या छातीत गाठ हाताला लागली होती. दुखत नव्हती, म्हणून तिने मनावर घेतले नाही. सासूबाईंना सांगायची लाज वाटली, नवऱ्याला सांगायची भीती. शेवटी डॉक्टरांकडे गेली, तर त्यांनी सुईने तुकडा काढून तपासायला सांगितले. शेजारच्या खालांनी बजावले, “सुई लागली की कॅन्सर अंगभर पसरतो.” तेव्हापासून ती कागद कपाटात ठेवून बसली होती, आणि आता ही चित्रफीत हाती आली होती.

आमचे ‘खरं आहे’ हे उत्तर अर्धेच होते. उरलेले अर्धे आम्ही त्या दिवशी दारात उभ्या उभ्या तिला सांगितले. तेच सर्व वाचक भगिनींपर्यंत आणि बंधूंपर्यंत जावे, म्हणून या महिन्याचे हे पान त्याच विषयाला दिले आहे.

गाठ औषधाने न विरघळवता उष्णतेने, थंडीने किंवा दुसऱ्या एखाद्या भौतिक शक्तीने नष्ट करावी, हा विचार नवा नाही. स्पेनमध्ये मुस्लिमांचे राज्य होते तेव्हा कुर्तुब्याजवळच्या अज्-जहरा या शहरात अबुल कासिम अल्-जहरावी (९३६–१०१३) नावाचे मोठे शल्यवैद्य होऊन गेले. त्यांच्या ‘अत्-तसरीफ’ या ग्रंथाचे तीस भाग आहेत आणि शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे. त्यात तापलेल्या लोखंडाने डाग देण्याच्या पद्धती आणि हत्यारांची चित्रे आहेत. बाराव्या शतकात या भागाचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातील वैद्यांनी पुढे कित्येक पिढ्या त्यावर अभ्यास केला.

कॅन्सरबद्दल अल्-जहरावी यांनी जे लिहिले, त्याचा सारांश असा: गाठ नुकतीच सुरू झाली असेल तर तिच्या भोवती डाग द्यावा. गाठ लहान असेल आणि पूर्ण काढता येईल अशा जागी असेल, तर काढावी. पण जुनी होऊन वाढली असेल तर तिला हात लावू नये, कारण तशी गाठ आपल्या हातून बरी झाली नाही आणि दुसऱ्या कोणी बरी केलेलीही आपण पाहिली नाही. एवढ्या मोठ्या वैद्याने आपली मर्यादा इतक्या सरळपणे लिहून ठेवली, याचे आम्हांला फार मोल वाटते. आणि हजार वर्षांपूर्वीची त्यांची अट, म्हणजे गाठ लहान हवी, लवकर सापडलेली हवी आणि हात पोचेल अशा जागी हवी, ही आजच्या प्रत्येक नव्या मशीनलाही लागू आहे. हे वाक्य लक्षात ठेवून पुढे वाचावे.

आधी उष्णतेचे पाहू. अंडे तव्यावर फोडले की पाण्यासारखा पांढरा बलक क्षणात घट्ट होतो. मग तो किती थंड केला तरी पुन्हा पातळ होत नाही. आपल्या शरीरातील पेशींमध्येही प्रथिने असतात. उष्णता साधारण ६० अंश सेल्सिअसवर गेली की ती अशीच गोठतात आणि पेशी मरते. या साध्या गोष्टीवर एक उपचार उभा आहे. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये पाहत पाहत एक बारीक, लांब सुई त्वचेतून थेट गाठीत नेतात. सुईच्या टोकातून विद्युत्प्रवाह सोडतात, तो सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलतो. त्यामुळे टोकाभोवतीचा भाग तापतो आणि गाठ जागच्या जागी शिजून निघते. याला रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशन म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हच्या जातीच्या लहरी सुईतून सोडल्या तर ते मायक्रोवेव्ह अब्लेशन.

हे काही उद्याचे स्वप्न नाही. यकृताच्या लहान गाठींवर हा उपचार १९९० च्या दशकापासून होत आहे आणि आपल्या देशातील मोठ्या रुग्णालयांतही होतो. पोटावर मोठी चीर पडत नाही आणि रुग्ण लवकर घरी जातो. पण गाठ साधारण तीन सेंटीमीटरच्या आत असेल तेव्हाच त्याचा सर्वांत चांगला गुण येतो. गाठ मोठी झाली की कडेच्या पेशींपर्यंत पुरेशी उष्णता पोचत नाही आणि तिथूनच आजार पुन्हा डोके वर काढतो. गाठीला लागून मोठी रक्तवाहिनी असेल तर आणखी एक अडचण येते. वाहते रक्त उष्णता सोबत घेऊन जाते. वाहत्या नळाखाली धरलेले पातेले तापत नाही, तसेच हे.

आता थंडीचे पाहू. काचेची बाटली काठोकाठ पाण्याने भरून फ्रीजरमध्ये ठेवली तर सकाळी ती तडकलेली सापडते, कारण पाण्याचा बर्फ होताना तो जास्त जागा घेतो. पेशीतही पाणीच असते. इंग्लंडमधील ब्रायटन येथील डॉक्टर जेम्स अर्नॉट यांनी १८५० च्या सुमारास कुटलेला बर्फ आणि मीठ यांचे मिश्रण स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या गाठींवर लावून पाहिले होते. कुल्फीवाला डब्याभोवती बर्फात मीठ घालतो, तीच ही युक्ती. त्याने वेदना कमी झाल्या, गाठी काही प्रमाणात आकसल्या, पण खोलवर पोचणे जमले नाही. पुढे १९६० च्या दशकात द्रवरूप नायट्रोजन नळीतून नेणारी उपकरणे आली. आता सुईतून दाबाखालचा वायू सोडून तिच्या टोकाशी बर्फाचा गोळा तयार करतात. तो गोळा स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतो, त्यामुळे डॉक्टरांना कुठे थांबायचे ते कळते. गोठवणे, वितळू देणे आणि पुन्हा गोठवणे असा हा क्रायोअब्लेशनचा क्रम. मूत्रपिंडाच्या लहान गाठींसाठी तो विशेष वापरला जातो.

स्तनाच्या गाठींवरही त्याचा अभ्यास अमेरिकेत झाला आहे. त्यात निवडलेल्या स्त्रिया ६० वर्षे आणि त्यापुढच्या होत्या, गाठ दीड सेंटीमीटरच्या आत होती आणि कॅन्सरचा प्रकारही कमी धोक्याचा होता. दीड सेंटीमीटर म्हणजे हरभऱ्याच्या मोठ्या दाण्यापेक्षा थोडे अधिक. आमच्यासमोर उभी असलेली आई चाळिशीच्या आतली होती आणि तिची गाठ, तिच्याच शब्दांत, लिंबाएवढी होती.

आता त्या चित्रफितीतला आवाज. शाळेत भिंगाने उन्हात कागद जाळण्याचा प्रयोग सर्वांनी केला असेल. ऊन सगळीकडे सारखेच पडते, पण भिंग ते एका बिंदूवर गोळा करते आणि तिथेच धूर निघतो. सोनोग्राफीत वापरतात तो माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज असाच एका बिंदूवर गोळा करता येतो. वाटेतली त्वचा आणि मांस सुरक्षित राहते आणि आत तांदळाच्या दाण्याएवढा भाग तापून नष्ट होतो. एकेक दाणा करत पूर्ण गाठ संपवायची. याला हायफू म्हणतात. गर्भाशयातील फायब्रॉईड (ही कॅन्सरची गाठ नव्हे), प्रोस्टेटच्या गाठी आणि हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या वेदना यांसाठी तो वापरात आहे.

चित्रफितीत दाखवले होते ते याच्याही पुढचे पाऊल. त्याचे नाव हिस्टोट्रिप्सी. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात चार्ल्स केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम सुरू केले. त्यांच्या विद्यार्थिनी झेन शू पुढे स्वतः तिथेच प्राध्यापक झाल्या आणि त्यांनी हे काम वाढवले. यात उष्णता वापरत नाहीत. आवाजाचे अतिशय जोरदार, पण सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढे छोटे ठोके गाठीत सोडतात. त्या ठोक्यांनी गाठीतील सूक्ष्म बुडबुडे एकदम फुगतात आणि फुटतात. हजारो बुडबुड्यांच्या या धक्क्यांनी पेशींचा अक्षरशः लगदा होतो आणि काही आठवडे-महिन्यांत शरीर तो शोषून घेते. रक्तवाहिन्यांच्या भिंती अधिक चिवट असल्यामुळे त्या बऱ्याच अंशी टिकून राहतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यकृतातील गाठींसाठी या यंत्राला परवानगी दिली. ज्या अभ्यासाच्या आधारावर ती मिळाली त्यात ४४ रुग्ण होते आणि गाठी तीन सेंटीमीटरपर्यंतच्या होत्या. पुन्हा तेच तीन सेंटीमीटर. या उपचारानंतर पाच-दहा वर्षांनी रुग्ण कसे असतात, हे कळायला तेवढी वर्षेच जावी लागतील. शिवाय आवाज हाडातून आणि हवेतून नीट पुढे जात नाही. त्यामुळे फुप्फुसासारख्या हवेने भरलेल्या अवयवातील गाठीवर नेम धरणे अवघड आहे. म्हणून चित्रफीत खोटी नव्हती, पण ‘यकृतातील लहान गाठ’ हे शब्द त्यात कुठेच नव्हते.

आपल्याकडे ज्याला ‘शेक देणे’ किंवा ‘लाईट घेणे’ म्हणतात, तो किरणोपचारही भौतिक उपचारच आहे आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. त्यातही नवे आले आहे. नेहमीचे क्ष-किरण गाठीतून आरपार पुढे जातात आणि पलीकडच्या निरोगी भागालाही थोडी इजा करतात. प्रोटॉन नावाचे कण मात्र ठरवलेल्या खोलीवर आपली बहुतेक शक्ती खर्च करून थांबतात. लहान मुलांच्या आणि मेंदूजवळच्या गाठींसाठी याचा मोठा उपयोग आहे. नवी मुंबईत खारघर येथे टाटा मेमोरियलच्या केंद्रात ही सोय २०२३ पासून सुरू झाली आहे. म्हणजे ‘बाहेरच्या देशातच सगळे आहे’ असेही नाही.

हे सर्व वाचून एक गोष्ट ध्यानात येईल. सुई असो, बर्फ असो की आवाज, हे उपचार एका ठिकाणची, डोळ्यांना दिसणारी गाठ नष्ट करतात. कॅन्सरच्या पेशी रक्तातून किंवा बगलेतल्या गाठींतून दुसरीकडे गेल्या असतील, तर त्यांना हे मशीन शोधून काढू शकत नाही. त्यासाठी औषधे लागतात. आणि कॅन्सर कोणत्या जातीचा आहे, हे सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय कळत नाही. सुई लावल्याने कॅन्सर अंगभर पसरतो हा समज चुकीचा आहे. पसरतो तो थांबून राहिल्याने. शेजारच्या खालांनी ज्या सुईची भीती घातली, तीच सुई पुढचा रस्ता दाखवणारी होती.

आता आपल्या घराजवळच्या एका भौतिक उपचाराबद्दल सांगतो. त्याची चित्रफीत कोणी पाठवत नाही. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. तिथल्या पेशी आधी बिघडतात आणि त्यांचा कॅन्सर व्हायला बहुधा कित्येक वर्षे लागतात. या काळात तो बिघडलेला भाग ओळखता येतो, तोही व्हिनेगरने. सौम्य व्हिनेगर लावले की बिघडलेला भाग मिनिटभरात पांढरा दिसू लागतो. मग साधारण १०० अंशांपर्यंत तापवलेले, हातात मावणारे एक छोटे उपकरण तिथे अर्धा मिनिट टेकवतात आणि तो भाग नष्ट होतो. यासाठी भूल देऊन झोपवावे लागत नाही की चीर द्यावी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या पद्धतीबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. कॅन्सर व्हायच्या आधीच त्याला डाग देऊन थांबवायचे, असा हा उपचार आहे. अल्-जहरावी यांनी ‘सुरुवातीलाच’ म्हटले होते. इथे तर सुरुवातीच्याही आधी.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा मोठा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी व्हिनेगरची आणि छातीची तपासणी करवली. तपासणी झालेल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. नुसत्या हाताने केलेल्या छातीच्या तपासणीमुळे पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. यात कोट्यवधींचे यंत्र नव्हते. व्हिनेगर, शिकवलेले हात आणि दार उघडून ‘या, आत या’ म्हणणाऱ्या घरच्या बायका, एवढेच होते.

आपल्या घरांत अडचण नेमकी या दाराशी आहे. आम्ही बायकांच्या बैठकीत हा विषय काढला की माना खाली जातात. ‘अशा जागेची तपासणी?’ असा प्रश्न डोळ्यांत दिसतो. हया हा ईमानचा भाग आहे, यात शंका नाही. पण हया आजार लपवायला सांगत नाही. आजार देणाऱ्याने त्याचा इलाजही दिला आहे, म्हणून इलाज करा, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. उंट आधी बांधायचा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा, हेही आपण मुलांना शिकवतो. मग स्वतःच्या शरीराच्या बाबतीत उंट मोकळा सोडून ‘तवक्कुल आहे’ कसे म्हणायचे? गरज असेल तेव्हा वैद्यकीय तपासणीची मुभा आपल्या उलेमांनी दिलेलीच आहे. स्त्री डॉक्टर किंवा परिचारिका मागण्याचा तुम्हांला हक्क आहे. तो संकोच न करता मागावा. सोबत बहीण, नणंद, सासू कोणीही न्यावे.

काही गोष्टी नोंद करून ठेवाव्यात. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात ३० वर्षांपुढील व्यक्तींसाठी तोंडाची आणि स्त्रियांसाठी छातीची व गर्भाशयमुखाची तपासणी विनामूल्य करण्याची योजना आहे, आशाताईंना विचारावे. तोंडातला पांढरा चट्टा किंवा बरा न होणारा व्रण, छातीतली गाठ (ती दुखत नसली तरी), पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणे, यांपैकी काहीही असेल तर सणाची, लग्नाची, परीक्षेची वाट पाहू नये. खर्चाची भीती असेल तर रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटावे. आणि नव्या मशीनबद्दल ऐकले तर डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत: माझी गाठ केवढी आहे? कोणत्या जातीची आहे? पसरली आहे का? या मशीनचा उपयोग माझ्या प्रकारच्या गाठीवर सिद्ध झाला आहे का? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. जो न तपासता ‘शंभर टक्के गॅरंटी’ देतो, त्याच्या दारातून परत फिरावे.

बंधूंनाही एक सांगायचे आहे. घरातली स्त्री आजार लपवते तेव्हा तिला बहुधा आजारापेक्षा खर्चाची आणि घराच्या बोलण्याची भीती जास्त असते. ‘तुझी तब्येत कशी आहे?’ हे फक्त ताप आल्यावर विचारायचे नसते.

त्या आईची हकीकत सांगून थांबतो. ती दुसऱ्या दिवशी गेली नाही. चार दिवसांनी तिची नणंद शाळेत आली आणि म्हणाली, “टीचर, भाभीला मी घेऊन जाते.” सुईची तपासणी झाली. कॅन्सर निघाला. बगलेतल्या गाठींपर्यंत पोचला होता, पण त्याच्या पुढे नाही. आता आधी औषधे आणि मग ऑपरेशन, असे डॉक्टरांनी ठरवले आहे. परवा ती मुलीला सोडायला आली, तेव्हा डोक्यावरचा स्कार्फ नीट करत म्हणाली, “केस गेले टीचर, पण चार महिन्यांपूर्वी आले असते तर बरं झालं असतं.”

त्या चार महिन्यांचे उत्तर आमच्याकडे नाही. तिच्यासाठी दुआ करावी. आणि हे पान वाचणाऱ्या कोणाच्या कपाटात असा एखादा कागद पडून असेल, तर तो आजच बाहेर काढावा.